बारा अक्षरी नंबर

गेमचा कन्सोल उताणा करून मी मांडीवर घेतला आणि बॅटरी मारली. खालच्या बाजूला जिथं कंपनीचा स्टिकर असतो, तिथं नुसते चरे होते. कुणीतरी सुरीनं खरवडून स्टिकर काढला होता, आणि घाईत काढला होता.

"अण्णा, इथला स्टिकर कुठाय? त्याच्यावर नंबर असतो, तो लागेल मला."

जयवंतअण्णा देशिंगकर पलंगावर मांडी घालून सीताफळ खात होते. बिया तोंडात घोळवून घोळवून एकेक वाटीत थुंकायची त्यांची पद्धत होती. प्रत्येक बीबरोबर लाळेची तार हनुवटीपर्यंत यायची, ती ते लुंगीच्या सोग्यानं पुसायचे आणि पुढची फोड उचलायचे. वाटी माझ्या हत्यारांच्या पिशवीशेजारीच ठेवली होती. मी पिशवी हळूच सरकवून घेतली.

"नंबर कशाला पाहिजे तुला? वायर जोड, चालू कर, सुट," ते म्हणाले.

ते तसं सुटत नव्हतं. आमचं इंटरनेट म्हणजे गल्लीतल्या केबलवाल्याचं इंटरनेट. एका घरानं कनेक्शन घ्यायचं आणि वरच्या-खालच्या चार बिऱ्हाडांनी वापरायचं, या प्रकाराला आमचे मालक खोतसाहेब इतके वैतागले होते की त्यांनी प्रत्येक ग्राहकाच्या राउटरमध्ये यादी घातली होती. ज्या फोनचा, लॅपटॉपचा नंबर यादीत, तेवढाच चालणार. हा नंबर म्हणजे मॅक ॲड्रेस. बारा अक्षरांचा असतो, त्यात थोडे आकडे आणि थोडी इंग्रजी अक्षरं. यंत्र कारखान्यातून येतं तेव्हाच तो त्याला चिकटलेला असतो आणि जगात दुसऱ्या कुठल्या यंत्राला तो नसतो. नवीन वस्तू घरात आली की आमच्यापैकी कुणीतरी जाऊन तो शोधायचा, ऑफिसला फोन करून सांगायचा, तिथं तो ग्राहकाच्या नावावर चढायचा. मग ती वस्तू चालायची.

दिवस दिवाळीच्या पाडव्याचा होता. मला सुट्टी होती. पण सकाळी आठला खोतसाहेबांचा फोन आला की अण्णांकडे जावई येतोय, लेकीच्या लग्नानंतरचा पहिला दिवाळसण आहे, त्यांना गेमचं काहीतरी जोडून पाहिजे, तू जा. अण्णांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. ते सोसायटीचे चेअरमन होते आणि आमची मुख्य वायर त्यांच्या गच्चीवरून पुढं सांगलीच्या विश्रामबागेच्या अख्ख्या मागच्या भागात जात होती. त्यांनी गच्चीला कुलूप लावलं की तीनशे घरं बंद. हे त्यांना माहीत होतं, खोतसाहेबांना माहीत होतं, आणि त्यामुळे अण्णांच्या घरचा पंखा कुरकुरला तरी मलाच जावं लागायचं.

जावई बंगळूरला होता आणि त्याला गेमचा नाद होता. दुपारी तीनच्या सुमाराला लेक-जावई पोचणार होते. वरच्या खोलीत टीव्ही, नवी चादर, फुलदाणी असं सगळं मांडून ठेवलं होतं. टीव्हीसमोर हा कन्सोल जोडून, चालू करून ठेवायचा, म्हणजे जावयानं खोलीत पाऊल टाकल्याबरोबर चकित व्हावं, असा अण्णांचा बेत होता.

"पुण्याहून मागवलाय खास," ते म्हणाले. "चांगल्यातला."

खास पुण्याहून मागवलेल्या वस्तूच्या जाळीत एवढी धूळ नसते आणि कंट्रोलरची बटणं अशी गुळगुळीत झिजलेली नसतात. डाव्या अंगठ्याखालचं रबर तर एका बाजूनंच पार संपलं होतं. पण ग्राहकाचा खोटेपणा मोजायला मला कुणी ठेवलं नव्हतं.

स्टिकर नसला तरी नंबर आत असतो. मी कन्सोल टीव्हीला जोडला, सेटिंगमध्ये गेलो, तिथून नेटवर्क, तिथून यंत्राची माहिती. बारा अक्षरं पडद्यावर आली. ऑफिसात आस्मा शिकलगार होती. सणाच्या दिवशी फोनवर बसायची पाळी तिच्यावर यायची. तिला मी एकेक अक्षर वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "दादा, हा नंबर लागलेला आहे की."

मला वाटलं मी चुकलो. त्या नंबरात आठ आणि बी यांची गल्लत नेहमीची. मी उठून टीव्हीजवळ गेलो, बोट ठेवून पुन्हा वाचला. आस्मानं पुन्हा घातला.

"लागलेलाच आहे. मिरज. हेमलता कवठेकर. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच जोडलाय, तुमचं नाव आहे इथं."

मग मला तो अंगठा आठवला.

हेमलताकाकूंचा मुलगा निनाद तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. पाय शाळेतच गेले होते, मग कंबर गेली, हात खांद्यातून उचलायचे बंद झाले, आणि मी गेलो तेव्हा त्याच्याकडे दोन अंगठे आणि थोडी बोटं उरली होती. उशी मांडीवर, उशीवर कंट्रोलर, आणि त्यावर ते दोन अंगठे. स्टिकर बघायला मी वाकलो तर तो म्हणाला होता, राहू द्या, मला पाठ आहे, आणि बाराच्या बारा अक्षरं त्यानं घडाघडा म्हणून दाखवली होती. त्यातल्या एका खेळात त्यानं गाव बांधलं होतं. रस्ते, एसटी स्टँड, दवाखाना, नदी. त्याची शाळाही होती त्यात, फक्त तिला जिना नव्हता. इंदूर आणि नागपूरची तीन मुलं रोज संध्याकाळी त्या गावात यायची आणि चौघं मिळून बांधकाम करायचे. निनादनं मला सगळं गाव फिरवून दाखवलं होतं आणि काकूंनी मला दोनदा चहा दिला होता. अण्णा काकूंचे सख्खे भाऊ, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, कारण कनेक्शन अण्णांच्या ओळखीनंच घेतलं होतं.

"अण्णा, हा निनादचा आहे," मी म्हणालो.

अण्णांनी बी थुंकली. चेहऱ्यावर काही हललं नाही. खोटं पकडलं गेल्याची लाजसुद्धा त्या माणसाला आली नाही, आणि मला पहिली शिसारी आली ती तिथं.

"मग? भाचाच आहे माझा. बंद पडला होता, मी दुरुस्तीला म्हणून आणला. दुकानदारानं नुसती एक वायर बदलली आणि चालू झाला."

"मग परत नाही द्यायचा?"

"त्याला काय करायचाय? बोटं कुठं चालतात आता त्याची. आज ना उद्या पडूनच राहणार. इकडं जावयाला कामाला येईल. तू तुझं काम कर मगदूम, पंचायत नको."

मी आस्माला म्हणालो, जुन्या नावावरून काढ आणि देशिंगकरांच्या नावावर घाल. माझ्या तोंडून हे किती सहज निघालं याचं मला आजही नवल वाटतं. आस्मा म्हणाली, तसं काढता येत नाही, जुन्या ग्राहकानं स्वतः फोनवर हो म्हणायला पाहिजे, साहेबांचाच नियम आहे. लाइनवर घेऊ का? मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी हाताचा पंजा हलवून घे म्हणून सांगितलं. फोन स्पीकरवर ठेव असंही खुणेनं सांगितलं.

काकूंनी दुसऱ्याच घंटीला फोन उचलला.

"मगदूम का? अहो, तुमच्याच फोनची वाट बघत होतो आम्ही. आमचा दादा म्हणाला होता, तुमच्याकडूनच पुण्याला पाठवलाय. झाला का हो दुरुस्त? दीड महिना झाला. निनादला अगदी करमत नाही."

दीड महिना माझं नाव त्या घरात असं वापरलं जात होतं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि मग एक बोट वर छताकडे दाखवलं. गच्चीकडे. तेवढंच. बोटाला सीताफळाचा गर लागलेला होता.

"नाही काकू," मी म्हणालो. "मदरबोर्ड गेलाय त्याचा. पार्ट येत नाहीत आता."



"अगं बाई. मग आता?"

"आता काही होत नाही. तो नंबर तेवढा तुमच्या यादीतून काढून टाकायचाय. तुम्ही हो म्हणायला पाहिजे."

"थांबा, त्याला विचारते," काकू म्हणाल्या. त्यांनी निनादला सांगितलेलं मला ऐकू आलं, बंद पडला रे तो, दुरुस्त होत नाही म्हणतात, नंबर काढू का विचारतायत. मग काकू परत आल्या.

"काढा म्हणतोय. आणि म्हणतोय, त्यातलं काही कुणाला उपयोगी पडणार असेल तर देऊन टाका."

आस्मा लाइनवरच होती. "काढला," एवढंच म्हणाली आणि नवीन नावावर नंबर चढवून तिनं फोन ठेवला. एरवी ती फोन ठेवताना सणाच्या शुभेच्छा देते.

मला वाटलं झालं, उठावं. पण कन्सोल चालूच होता आणि मी सेटिंगमधून बाहेर आलो तसं पडद्यावर ते गाव आलं. नदीवर नवीन पूल अर्धा झालेला दिसत होता. कोपऱ्यात निरोप होते, मित्रांचे. कुठं आहेस, पूल अर्धा राहिलाय, येणार का आज, असे दीड महिन्याचे.

"हे काय लफडं आहे?" अण्णा म्हणाले. "ही घाण काढून टाक सगळी. जावयाला नवंकोरं वाटलं पाहिजे."

मी म्हणालो, ते पुसलं की परत येत नाही, त्याच्याकडे दुसरीकडे कुठं साठवलेलं नाही. अण्णा म्हणाले, मग बरंच आहे. मी सेटिंगमध्ये परत गेलो. सगळं पुसून टाकायचं आहे का, असं यंत्रानं विचारलं. मी हो दाबलं. नक्की पुसायचं आहे का, असं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं.

निघताना अण्णांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. हात धुतलेला नव्हता. खाली उतरून मी सोसायटीच्या नळावर शर्टाचा खांदा ओला करकरून पुसला, तरी घरी जाईपर्यंत तो गोडसर वास नाकात होता. त्या दिवशी आमच्याकडे जेवायला पुरणपोळी होती, आणि माझ्या तोंडात घास फिरत राहिला. आई म्हणाली, आजारी आहेस का. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझी बहीण येणार होती, तिला दुपारपर्यंत थांब म्हणालो आणि मी गाडी काढून मिरजेला गेलो. तिथं जाऊन काय सांगायचं हे ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं एवढंच घोकत होतो.

निनाद पूर्वीपेक्षा निम्मा झाला होता. खुर्चीत बसवलेला, मान एका बाजूला उशीला टेकवलेली. समोर टीव्ही होता आणि टीव्हीखालचं फळकूट रिकामं होतं. त्यावरची धूळ पुसून स्वच्छ ठेवलेली होती. काकू आत तयार होत होत्या. त्यांना सांगलीला भावाकडे ओवाळायला जायचं होतं. फराळ देते म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि निनाद हलक्या आवाजात म्हणाला,

"मामांकडे आहे ना?"



"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की दादा. बंद पडलेल्या मशीनचा नंबर काढायला कुणी फोन करत नाही. यादीत पडून राहिला तरी कुणाचं काय अडतं? दुसऱ्याच्या नावावर चढवायचा असेल तरच जुन्या नावावरून काढावा लागतो." तो थोडा दम खाऊन म्हणाला, "आणि काल पाडवा होता. दीपश्रीताईचा पहिला दिवाळसण."

"मग हो का म्हणालास?"

"आई फोन धरून उभी होती. तिला सांगू नका. तिला माहेर म्हणून एवढं एकच घर आहे. वर्षातून एकदा तिथं जाऊन ओवाळते आणि महिनाभर सांगत बसते, दादा असं म्हणाला आणि दादा तसं म्हणाला."

माझं डोकं फिरलं. चोराचं नाव झाकायला ज्याची चोरी झाली तोच पोरगा पांघरूण धरून बसला होता. मला त्याचीसुद्धा चीड आली, त्याच्या शहाणपणाची, समजूतदारपणाची. असल्या समजूतदार माणसांच्या जिवावरच अण्णांसारखी माणसं सीताफळं खातात.

"आतलं गाव आहे ना पण?" निनादनं विचारलं. "ताईचे मिस्टर खेळले तरी हरकत नाही. मोडू नका म्हणावं तेवढं. पूल अर्धा आहे, तो बांधला त्यांनी तरी चालेल."

काकू चकलीची ताटली घेऊन आल्या म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही. मी एक चकली उचलली आणि चावत राहिलो.

"तुम्ही सांगलीलाच निघालात ना? मला दादाकडे सोडाल?" काकूंनी विचारलं. शेजारची मुलगी निनादजवळ बसणार होती. त्यांनी पिशवीत ओवाळणीचं ताट, निरांजन, करंज्यांचा डबा असं नीट भरून घेतलं आणि माझ्या गाडीवर मागं बसल्या.

रस्ताभर त्या भावाबद्दलच बोलत होत्या. दादानं किती खटपट केली, स्वतः येऊन मशीन घेऊन गेला, सणासुदीच्या गडबडीत पुण्याला पाठवलं, नाहीतर आजकाल कोण एवढं करतं. मी ऐकत होतो. पाठीमागून तो मऊ आवाज कानात येत होता आणि मला भडभडून येत होतं. विजयनगरच्या अलीकडे मी गाडी रस्त्याकडेला घेतली, स्टँडला लावली आणि काकूंना सांगितलं. मशीन चालू आहे, ते पुण्याला गेलंच नव्हतं. कन्सोल वरच्या खोलीत जावयासाठी मांडलाय. काल फोनवर मी तुमच्याशी खोटं बोललो तेव्हा अण्णा माझ्यासमोर बसले होते. सगळं सांगितलं. पुसल्याचं तेवढं सांगितलं नाही.

काकू रस्त्याकडे बघत राहिल्या. एक ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागून बस गेली. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"निनादला माहितीय?"

"आहे. तुम्हाला सांगू नका म्हणाला."

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर होतोय."

अण्णांच्या फाटकापाशी मी त्यांना उतरवलं आणि गाडी वळवायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "तुम्हीही वर या. वायरी काढायला माणूस लागेल."

दिवाणखान्यात अण्णा पाटावर बसले होते, नवा झब्बा, डोक्यावर टोपी. समोर रांगोळी. जावई सोफ्यावर होता, सरळ, हसरा मुलगा. त्याच्या शेजारी दीपश्री. अण्णांच्या बायकोनं मला दाराजवळची खुर्ची दाखवली. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

काकूंनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनानं ओवाळलं. अण्णांनी खिशातलं पाकीट काढून ताटात ठेवलं. काकूंनी ते उचलून परत त्यांच्या हातात दिलं.

"हे नको दादा. आजवर तू देशील ते घेतलं. आज मी मागणार आहे."

"माग की," अण्णा जावयाकडे बघून हसत म्हणाले.

"वरच्या खोलीत ते गेमचं मशीन आहे ना, ते घाल ताटात. निनादला पाहिजे."

ताट तसंच पुढं धरलेलं होतं. अण्णांच्या बायकोनं मान खाली घातली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं आता हा माणूस उघडा पडणार, निदान लाल होणार, निदान अडखळणार. मी त्यासाठीच आलो होतो.

अण्णा मोठ्यानं हसले.

"एवढंच ना? अगं, जावईबापूंसाठी हौसेनं आणलं होतं. पण भाच्यापेक्षा का ते जास्त आहे? घेऊन जा." मग जावयाकडे वळून म्हणाले, "चालेल ना तुम्हाला? तो पोरगा जागेवर असतो हो बिचारा. त्याला तेवढाच विरंगुळा."

जावयाचे डोळे खरोखर भरून आले. तो उठला, सासऱ्याच्या पाया पडला, म्हणाला, अण्णा, तुमच्याकडून शिकायला पाहिजे. काकूंचं ताट आणि अण्णांचा हात असा एक फोटोही त्यानं फोनवर काढला. काकूंनी खाली वाकून थोरल्या भावाला नमस्कार केला. अण्णांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सुखी राहा. ज्याचं होतं त्यालाच ते ओवाळणी म्हणून मिळालं आणि देणाऱ्याचं कौतुक झालं. खोटं सांगत नाही, मी वर जाऊन त्या खोलीच्या न्हाणीघरात खरंच ओकलो. चकली पडली.

वायरी काढून मी जिना उतरत होतो तेव्हा अण्णा कठड्याला टेकून उभे होते. "खोताला सांग," ते सावकाश म्हणाले, "उद्या गच्चीवरची वायर उतरवून न्यायची." वायर उतरली नाही. आठ दिवसांनी खोतसाहेबांनी मला उतरवलं, आणि वायर राहिली.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. आस्मानं त्या वेळी ऑफिसात सांगितलं, तिथून ते चार जणांना कळलं, आणि आजही कुणीकुणी माझ्या दुकानात येऊन म्हणतं की चेअरमनच्या समोर उभा राहिलास, नोकरी गेली तरी हललास नाहीस, पटलं आपल्याला. मी त्यांना चहा पाजतो. त्यांना माहीत नसतं की गोष्ट जिन्यात संपली नव्हती.

काकूंना आणि कन्सोलला घेऊन मी परत मिरजेला गेलो होतो. निनादनं आम्हाला दारातून येताना पाहिलं आणि आईकडे बघून तो हसला, आणि काकूही हसल्या. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. मी कन्सोल पुसलेल्या फळकुटावर ठेवला, जोडला. आस्माला फोन केला. काकूंचा आवाज ऐकवून नंबर परत त्यांच्या नावावर चढवला. निनादच्या मांडीवर उशी आली, उशीवर कंट्रोलर आला. काकूंनी त्याचे दोन्ही अंगठे उचलून जागेवर ठेवले आणि त्या देवापुढं दिवा लावायला आत गेल्या.

पडदा उजळला. स्वागत आहे, तुमचं नाव लिहा, असं त्यावर आलं.

निनाद वाट बघत राहिला. त्याला वाटलं असावं, हे जाईल आणि मागून गाव येईल. मग त्यानं अंगठ्यानं मागं जायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही आलं नाही.

"कुणी पुसलं, दादा?"

मला सांगता आलं असतं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि नोकरी गेल्यातच जमा होती. मला कुणाचीच भीती उरलेली नव्हती.

"मामांनी," मी म्हणालो.

अण्णांना स्वतःच्या टीव्हीचा आवाज कमी करायचा झाला तरी बायकोला हाक मारावी लागायची. त्या माणसानं सेटिंगचे पाच पडदे उलगडून, इंग्रजीतल्या सूचना वाचून, दोनदा हो दाबलं, हे निनादनं खरं मानावं अशी माझी अपेक्षा होती. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला मान वळवता येत नव्हती म्हणून, का बघायचंच होतं म्हणून, मला कळलं नाही. मी खाली बघितलं आणि वायरींची गुंडाळी करायला लागलो. गुंडाळायला वायर उरलीच नव्हती, सगळ्या जोडून झाल्या होत्या.

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं अंगठे उचलले आणि कंट्रोलर उशीवरून माझ्याकडे ढकलला, जेमतेम चार बोटं सरकला तो. "नाव तुम्हीच टाका. तुम्हाला येतं सगळं."